जुन्या मोटारीचे पुस्तक कसे पारखावे?

ज्याच्या दारात जुनी मोटार किंवा जीप उभी आहे, त्याला दोन पत्ते तोंडपाठ असतात. एक चांगल्या मिस्त्रीचा आणि दुसरा सुटे भाग मिळणाऱ्या दुकानाचा. तिसरी एक वस्तू मात्र बहुतेकांच्या घरी नसते. ती म्हणजे त्या गाडीच्या दुरुस्तीचे पुस्तक. "पुस्तक वाचून का कुठे गाडी दुरुस्त होते?" असे आपण म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. ते पुस्तक कशाला हवे, कुठे शोधावे, आणि हाती आलेले पुस्तक आपल्या कामाचे आहे की नाही हे कसे ओळखावे, याचा आज विचार करू.

अंबाडी नाक्यावर भिवंडी-वाडा रस्त्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीकडचा रस्ता येऊन मिळतो. अशा नाक्यांच्या आसपासच्या खेड्यांत जीपने आजवर काय काय वाहिले नाही! भाताची पोती, लग्नाचे वऱ्हाड, शाळेची मुले आणि अडल्या रात्री दवाखान्यात न्यायची बाळंतीण. अशा गाडीचा ब्रेक ऐनवेळी लागला नाही, तर नुकसान गाडीपुरते राहत नाही. म्हणून ब्रेकचा एखादा नट किती आवळावा, हा प्रश्न गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा आहे.

आजवर ह्या प्रश्नाचे उत्तर मिस्त्रीच्या हातात होते. वीस-तीस वर्षे एकच गाडी खोलून जोडणाऱ्या माणसाला पुस्तक लागत नाही, हे खरेच आहे. पण ते हात आता कमी होत चालले आहेत. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पाहा. प्रीमियर कंपनी १९४४ साली निघाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या, आणि १९७४ पासून त्याच घराण्यातली गाडी 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नावाने विकली जाऊ लागली. तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. रोज हजारो पद्मिनी रस्त्यावर होत्या, तोवर त्यांचे मिस्त्रीही गल्लोगल्ली होते. टॅक्सी गेल्या, आणि त्यांच्यावर पोट असलेला मिस्त्रीही दुसऱ्या कामाला लागला. त्याच्या डोक्यातले ज्ञान कुठे उतरवून ठेवलेले नसेल, तर उरलेल्या गाडीवाल्याला आधार राहतो तो छापील पानाचा.

आता 'पुस्तक' म्हणजे नेमके कोणते, ते आधी समजून घेतले पाहिजे. कारण गाडीची पुस्तके चार प्रकारची असतात, आणि विकणारा चारही एकाच नावाने विकतो. पहिली मालकाची पुस्तिका. नवी गाडी घेताना ही मिळते. तेल केव्हा बदलावे, चाकात हवा किती भरावी, चाक कसे बदलावे, एवढेच तिच्यात असते. दुसरे सुट्या भागांचे पुस्तक. त्यात प्रत्येक भागाचे चित्र आणि क्रमांक असतो. दुकानात भाग मागताना त्याचा फार उपयोग होतो, पण भाग कसा बसवायचा हे ते सांगत नाही. तिसरे कारखान्याचे वर्कशॉप पुस्तक. हे कंपनीने आपल्याच शिकलेल्या कारागिरांसाठी लिहिलेले असते. त्यात सगळी मापे असतात, पण "गिअरबॉक्स उतरवा" ह्या दोन शब्दांत तासाभराचे काम उरकलेले असते.

चौथा प्रकार मालकाला स्वतः काम करता यावे म्हणून लिहिलेल्या पुस्तकांचा. त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉन हेन्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ हवाई दलाच्या नोकरीत एडनला होते. तिथे एका सहकाऱ्याची स्प्राइट मोटार दुरुस्त करायला घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की कंपनीचे पुस्तक साध्या मालकासाठी लिहिलेलेच नाही. तेव्हा गाडी खोलताना आणि जोडताना त्यांनी पायरीपायरीची छायाचित्रे घेतली, आणि त्यातून १९६६ साली त्यांचे पहिले दुरुस्ती-पुस्तक निघाले. पुढे अशा पुस्तकांची मोठी मालिकाच झाली. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे: लिहिणाऱ्याने गाडी आधी स्वतः खोलावी आणि मग लिहावे. घरी शिकणाऱ्याला चौथ्या प्रकारचे पुस्तक बरे. मोठे काम काढायचे असेल तर तिसरे आणि दुसरे जवळ असावे. पहिली पुस्तिका तर प्रत्येकाकडे हवीच.

बरे, पुस्तक शोधायला निघण्यापूर्वी एक काम घरीच करायचे आहे. आपली गाडी नेमकी कोणती, हे कागदावर लिहून काढायचे. तुम्ही म्हणाल, "हे काय सांगायला हवे? माझी जीप आहे!" पण नाव सारखे म्हणून गाडी सारखी असे होत नाही. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले पद्मिनीचे. पद्मिनीची बॉडी इटलीतल्या फियाट ११०० डी ह्या गाडीची. साहजिकच कुणीतरी सांगतो की ११०० डीचे इटालियन पुस्तक आणा, तेच चालेल. बाहेरून दोन्ही गाड्या जुळ्या बहिणी दिसतात. पण इटलीतल्या ११०० डीचे इंजिन १२२१ सीसीचे होते आणि आपल्या पद्मिनीचे १०८९ सीसीचे. पिस्टनची चाल दोन्हींत ७५ मिलिमीटरच. फरक सिलिंडरच्या व्यासात. तिथे ७२ मिलिमीटर, इथे ६८. शाळेतल्या मुलांनाही हे गणित घालता येईल: सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढा, त्याला चालीने गुणा, मग चार सिलिंडर म्हणून चाराने गुणा. दोन्ही आकडे बरोबर येतात. आता त्या परदेशी पुस्तकात पाहून कुणी पिस्टन आणि रिंगांचे माप सांगितले, तर काय होईल ते उघडच आहे. शिवाय इटलीत स्टिअरिंग डाव्या बाजूला, आपल्याकडे उजव्या. म्हणजे स्टिअरिंग, पेडल आणि वायरिंगची चित्रेही जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

दुसरे उदाहरण जीपचे, आणि ते जास्त फसवे आहे. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपची अमेरिकन सरकारी पुस्तके आज सहज मिळतात. सरकारी प्रकाशने म्हणून अमेरिकेत त्यांच्यावर स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे ती कुणीही छापतो. पुस्तके उत्तम आहेत, चित्रे स्वच्छ आहेत. पण आपल्याकडे पुढे जी सी. जे. ३ बी जीप आली, तिचे बॉनेट लष्करी जीपपेक्षा उंच आहे. ते उंच का? तर आतले इंजिन उंच म्हणून. लष्करी जीपचे सगळे व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये असत. ३ बी मध्ये आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि धूर सोडणारे खालीच राहिले. गंमत अशी की दोन्ही इंजिनांची क्षमता एकच, १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २२०० सीसी. नुसता सीसीचा आकडा पाहणारा इथे हमखास फसेल. लष्करी पुस्तकातला हेडचा आणि टॅपेटचा धडा ३ बी ला लावता येत नाही.

त्यातून डिझेलच्या जीप आल्या. पुजोच्या परवान्याने बनलेले २११२ सीसीचे इंजिन एका जीपमध्ये, तर थेट पिस्टनच्या माथ्यावर डिझेल फवारणारे २५२३ सीसीचे इंजिन दुसरीत. पुजोच्या इंजिनाला थंडीत चालू व्हायला हीटर प्लग लागतात आणि त्याची जळणाची रचनाच वेगळी. आणि खेड्यापाड्यांत मूळ इंजिन काढून दुसरे बसवलेल्या जीप किती, त्याची तर मोजदादच नको. तेव्हा बॉडी पाहून पुस्तक घेऊ नका. आर. सी. पुस्तकातला इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, सीसी आणि बनावटीचे वर्ष लिहून घ्या. मग बॉनेट उघडा, फडके फिरवा, आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक त्याच्याशी पडताळून पाहा. दोन क्रमांक जुळत नसतील तर पुस्तकाआधी आर. टी. ओ. गाठायला हवे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, आणि पुढे गाडीची तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा ही गोष्ट कधी ना कधी पुढे येणारच.

आता समजा, पुस्तक हाती आले. ते पारखायचे कसे? पोथ्यांचा अभ्यास करणारे लोक प्रत हाती घेतली की आधी ती कुठली, कोणत्या काळातली, कुठली पाने गहाळ, हे पाहतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ एवढ्या काळात सिद्ध झाली, ती अशाच प्रती ताडून. मोटारीचे पुस्तकही तसेच पाहावे. दुकानात उभ्या उभ्या पाच गोष्टी तपासता येतात.

एक, पहिल्या पानावर गाडीचा नमुना आणि वर्षे स्पष्ट दिली आहेत का? "सर्व फियाट गाड्यांसाठी" असे लिहिलेले पुस्तक बहुधा कोणत्याच गाडीचे पुरते नसते. अँबेसेडरचेच बघा ना. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती. तेवढ्या काळात मार्क एकपासून चारपर्यंत नमुने झाले, १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनानंतर १९९० नंतरच्या दशकात इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आले. एका पुस्तकात हे सगळे कसे मावणार?

दोन, मापांचा तक्ता आहे का? प्लगची फट, टॅपेटची फट, बेअरिंगची मापे, बोल्ट किती आवळायचा ते आकडे, आणि भाग किती झिजेपर्यंत चालतो त्या मर्यादा. ज्या पुस्तकात झिजेची मर्यादा नाही, ते भाग काढायला शिकवील, पण तोच पुन्हा बसवावा की टाकून द्यावा, हे सांगणार नाही.

तीन, भाग सुटे सुटे मांडून दाखवणारी चित्रे आहेत का? कोणता वॉशर कोणत्या बाजूला, हे दहा वाक्यांनी कळत नाही ते अशा एका चित्राने कळते.

चार, वायरिंगचा नकाशा पूर्ण आहे का? हे पान बहुधा घडी घातलेले असते. ते फाटते, हरवते, आणि संगणकावर उतरवलेल्या प्रतीत तर निम्मेच आलेले असते. तारांचे रंग लिहिलेले आहेत का तेही पाहा. आणि बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडायचे, ते शोधून काढा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुष्कळदा धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या सवयीने तिथे उलटे जोडले तर विजेचे भाग जळू शकतात.

पाच, कामाचा क्रम सांगितला आहे का? पुस्तकातले हेड बसवण्याचे पान काढा. बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे त्याचे चित्र तिथे हवे. सर्वसाधारण रीत अशी की मधल्या बोल्टापासून बाहेर जायचे, आणि एकदम न आवळता दोन-तीन टप्प्यांनी आवळायचे. तसे केले नाही तर हेड बेंड होते, पॅकिंग फुंकते आणि पाणी तेलात उतरते. ज्या पुस्तकात हा क्रम नाही, ते खाली ठेवा.

पुस्तक चांगले असले तरी ते चुकीचे वाचता येते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे एकके. इंग्रजी पुस्तकात बोल्टाचा ताण पौंड-फुटात, इटालियन पुस्तकात किलोग्रॅम-मीटरमध्ये, अलीकडच्या पुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. केवळ उदाहरण म्हणून सांगतो: ७.५ किलोग्रॅम-मीटर, ५४ पौंड-फूट आणि ७४ न्यूटन-मीटर हे तिन्ही जवळपास एकच. आता कुणी न्यूटन-मीटरचा ७४ हा आकडा पौंड-फुटाचा समजून बोल्ट आवळला, तर ताण एक-तृतीयांशाहून जास्त वाढला. बोल्ट ताणून निघेल, नाहीतर आटेच जातील. तेलाचेही तसेच. अमेरिकन क्वार्ट ०.९४६ लिटरचा, ब्रिटिश क्वार्ट १.१३७ लिटरचा. चार क्वार्ट म्हटले की एकात पावणेचार लिटरांच्या थोडे वर, दुसऱ्यात साडेचार. पान्यांची गोष्ट मिस्त्रींना ठाऊकच आहे. अर्ध्या इंची बोल्टाचे डोके १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना लावला की तो फिरतो आणि डोके गोल होते. म्हणून पुस्तक घेतल्याबरोबर पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा: हे पुस्तक कोणत्या देशाचे आणि कोणत्या एककांत आहे.

आता शोधायचे कुठे? गाडीची कंपनी चालू असेल तर आधी तिच्याकडे किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करा. जुन्या नमुन्यांची पुस्तके कधी कधी कपाटात पडून असतात. कंपनी बंद असेल तर मुंबईत फोर्टच्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, चोर बाजार आणि कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार ही ठिकाणे आहेत. भाग विकणाऱ्या जुन्या दुकानदाराच्या गल्ल्याखाली एखादे तेलकट, कोपरे गेलेले भागांचे पुस्तक असतेच. तो ते विकणार नाही, पण हवे ते पान पाहू देईल. तालुक्याच्या आयटीआयचे ग्रंथालयही विसरू नका. चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाची पुस्तके काढते. त्यांत तुमच्याच गाडीची मापे मिळणार नाहीत, पण क्लच, ब्रेक, डायनॅमो कसे चालतात हे नीट समजते. ते समजले की गाडीचे पुस्तक अर्धे सोपे होते. संगणकावरून प्रत घेतली तर पानांचे क्रमांक ओळीने आहेत का, आणि आकडे पुसट नाहीत ना, एवढे पाहून मगच छापून घ्या. ३ चा ८ झालेला आकडा कोऱ्या पानापेक्षा वाईट.

आणखी एक गोष्ट. जुने पुस्तक त्याच्या काळापुरतेच शहाणे असते. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवून द्या, असे जुनी पुस्तके बिनदिक्कत सांगतात. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते, हे आज आपल्याला माहीत आहे. ती उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. तसेच जुनी इंजिने शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. आपल्या देशात ते पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाले. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा त्याने लवकर खराब होऊ शकतो. पुस्तकात ह्याचा उल्लेख सापडणार नाही. तेव्हा पेट्रोलची नळी मऊ पडली आहे का, तडकली आहे का, हे अधूनमधून हाताने चाचपून पाहावे, ही ओळ तुम्हीच समासात लिहायची.

आणि इथे शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. पुस्तक इंग्रजीत, आणि मिस्त्रीची भाषा वेगळी. पुस्तक म्हणते 'डिस्ट्रिब्यूटर', मिस्त्री म्हणतो 'डेल्को'. डेल्को हे मुळात १९०९ साली निघालेल्या एका अमेरिकन कंपनीचे नाव. तिचा माल इथवर आला आणि नाव वस्तूलाच चिकटले. पुस्तकातला 'स्टार्टर' म्हणजे गॅरेजातला 'सेल्फ', 'गॅस्केट' म्हणजे 'पॅकिंग', 'रेग्युलेटर' म्हणजे 'कट-आउट', 'लीफ स्प्रिंग' म्हणजे 'पाटे'. चांगला मिस्त्री ह्या शब्दांपाशी अडतो, आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला त्या वस्तू माहीत नसतात. दोघांना एका बाकावर बसवणे शिक्षकाला जमेल. गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे सातवी-आठवीच्या चार मुलांना वही घेऊन पाठवा. डाव्या रकान्यात पुस्तकातला शब्द, मधे मिस्त्रीचा शब्द, उजवीकडे ती वस्तू काय काम करते ते. शेवटी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारायचा: "काका, पुस्तकात नाही असं तुम्हाला काय ठाऊक आहे?" मग तो सांगेल, पावसात पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक हलका दाबून चालवत का सुकवायचा, आणि चढावर इंजिन तापले तर रेडिएटरचे झाकण लगेच का उघडायचे नाही. हे सगळे त्याच्या शब्दांत, तारीख घालून उतरवून घ्या.

अशी वही आणि जुळणारे पुस्तक, दोन्ही एका पिशवीत घालून गाडीतच ठेवावे. गाडी विकली तर ती पिशवी नव्या मालकाला द्यावी. ह्या सगळ्याची सुरुवात मात्र आजच करता येण्यासारखी आहे, आणि तिला पैसाही लागत नाही. बॉनेट उघडा, इंजिनावरचा क्रमांक पुसून नीट वाचा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुस्तकाच्या दुकानात पाऊल टाकताना तो आकडा खिशात हवा.